डालड्याच्या डब्यातली सारंगी

नाही, तुम्हीच सांगा मले, वाद्यात कोणी मूगवडी खुपसते काय? तबल्यावर कोणी पोळ्या लाटते? पेटीवर कोणी पापड वाळत घालते? नाही ना? मंग माझ्याच वाद्यानं काय घोडं मारलं होतं लोकाचं? आठ महिने, तुम्हाले सांगतो, आठ महिने मी कचेरीतून आलो का चहासुद्धा न पिता सोल्डर मारत बसलो. बर्डीच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून मेलेल्या ट्रान्झिस्टरचे अवयव जमा केले, एक फाटका स्पीकर आणला, त्याले कणकेची खळ लावून चिकटवला, सायकलच्या चाकाच्या दोन तारा घेतल्या, अन् हे सारं बसवलं कशात? डालड्याच्या डब्यात! नाव ठेवलं विद्युत्सारंगी.

वाजवायची रीत एकदम सोपी. एक तार डाव्या हातात, एक उजव्या. मधातून वीज जाते आपल्याच अंगातून... घाबरू नका जी, सेलवरचं आहे! हळूच धरलं का घर्रर्र, दाबून धरलं का कुंईऽऽऽ! अन् हात घामेजला असला तं विचारूच नका, अजनीच्या यार्डात मालगाडीनं ब्रेक मारावा तसं. राग नाही, ताल नाही, नुसता आवाज! आता तुम्ही म्हणान, हे कायले? अहो, दिवसभर कचेरीत साहेब बोलते, मी ऐकतो. घरी आलो का शामला बोलते, म्हणजे आमच्या घरची, तेही मीच ऐकतो. मले वाटलं, एकदा, आयुष्यात एकदा मी आवाज काढावा अन् समोर कोणीतरी मुकाट्यानं ऐकावं. लय मागून राहिलो होतो का मी?

पहिल्या दिवशी शामलेले समोर बसवलं, डोळे मिटले, वाजवलं. ती म्हणते, "अहो, मांजर अडकलं का कुठी?" भिंतीपलीकडून आमच्या शेजारीण मनकर्णाबाई ओरडल्या, "शामला वं, पाह्य ना, दुधावर पडलं असन!" वाद्य आहे ना बाप्पा ते!

मंग एप्रिल लागला. वाळवणाचे दिवस. गच्चीवर पाय ठेवाले जागा नाही. आता मूगवडीचं कसं आहे, वरून दिसते खडखडीत अन् पोटात राहते ओली. तशीच डब्यात भरली का आली बुरशी. मागच्या साली आमचा पुरा डबा फेकावा लागला, तेव्हापासून शामला प्रत्येक वडीकडे पोलिसाच्या नजरेनं पाहते. तं मी तिथंच बसून रियाझ करून राहिलो होतो. पाणी प्यायले खाली गेलो, अन् तारा ठेवल्या वड्यांवर. दोन्ही टोकं रुतली एका ओल्या वडीत, अन् डबा बोंबलला ना, कुंईऽऽऽ! शामला धावत आली. तिनं तारा काढून दुसऱ्या वडीत घातल्या. घर्रर्र. तिसरीत घातल्या. गप. तिनं तिसरी फोडून पाह्यली. आतून ठणठणीत कोरडी! मी वर आलो तं बाई उभी, डोळ्यात पाणी. मले वाटलं, समजलं! माझं संगीत समजलं हिले! तं म्हणते, "अहो, तुम्ही एवढे हुशार असान असं वाटलं नव्हतं मले."

वाद्य आहे ना बाप्पा ते!

पण ऐकते कोण? दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई ताट घेऊन हजर. "भाऊजी, जरा माह्या कुरड्या पाहून द्या ना." पाहून द्या! मी काय डॉक्टर आहे कुरड्यांचा? तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली. चौथ्या दिवशी गावावरून सासरे, चंपतराव, एष्टीच्या टपावर गव्हाचं पोतं टाकून. "जावाईबापू, गहू कोठीत भराचा आहे, जरा तुमचं यंत्र लावा." मी म्हटलं, मामाजी, यंत्र नाही, सारंगी आहे. "हो हो, सारंगी लावा." तारा खुपसल्या पोत्यात, दहा मिनिटं पोत्याले कान लावून बसले, अन् उठून माझी पाठ थोपटली. "गप आहे. झकास आहे!" आता याच्यावर काय बोलावं? माझं वाद्य वाजलं का लोकाचं तोंड वाकडं, अन् गप राहिलं का लोक खुश!

तं मी ठरवलं, आता जाहीर कार्यक्रमच. गेलो आमच्या वस्तीच्या मंडळाच्या चिटणिसाकडे, शालिकरामाकडे. तो म्हणते, "शास्त्रीय आहे?" नाही. "सुगम?" नाही. "मंग काय आहे गा?" म्हटलं, आवाज. "अरे, आवाज तं आमचा माइकही काढते, बिना माणसाचा!" तरी दिली त्यानं दहा मिनिटं. मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे पाच, शाळेचं पटांगण, बक्षीसवाटप अन् अध्यक्षाच्या भाषणाच्या मधात.

पहिल्या रांगेत शामला, मनकर्णाबाई, साऱ्या गल्लीच्या बाया, अन् खास गावावरून आलेले सासरे. माझे हात घामानं चिंब. तारा धरल्या अन् काय आवाज निघाला महाराजा! कुंईऽऽऽ! मागचं कुत्रं उठून घरी गेलं, अध्यक्षानं कानात बोटं घातली, पण कोणी हसलं नाही. म्हटलं, जमून राहिलं! तेवढ्यात शालिकरामाले माझी दया आली. कलावंताले घाम सुटला म्हणून त्यानं भल्ला मोठा पंखा आणून लावला थेट माझ्यासमोर. नागपूरचा मे, वरून लूचा गरम वारा, अन् त्यात पंखा! हात वाळून राहिले ना! आवाज उतरला. घर्रर्र. मी दाबून धरतो, तो अजून उतरते. टर्रर्र... टक्... टक्... अन् काय सांगू तुम्हाले, पटांगण चिडीचूप! पहिली रांग पुढं वाकली. मनकर्णाबाईंनी श्वास रोखला, सासऱ्यांनी हातानं कान पुढं केला, शामला पदर तोंडाशी धरून एकटक पाहून राहिली. चाळीस वर्षांत मले कोणी असं ऐकलं नव्हतं हो! डोळे भरून आले माझे. टक्...... टक्......... अन् बंद.

टाळ्या! अश्या टाळ्या का अध्यक्षही दचकून वाजवाले लागले! मी उठलो, हात जोडले, अन् सासरे उभे राहून साऱ्या पटांगणाले ऐकू जाईल असे ओरडले, "जावाईबापू वाळले!"

अन् मनकर्णाबाई म्हणते, "भर वं शामला डब्यात!"

डबा काखेत मारून घरी निघालो. शामलेनंच विषय काढला. "अहो, ते शेवटी टक् टक् होत होतं ना, ते मले खरंच गोड वाटलं." मी रस्त्यात थांबलो. म्हटलं, खरंच? "खरंच. जीव कसा गोळा झाला होता माझा. म्हटलं, आता वाळते, आता वाळते!"

आता मी चिडणं सोडून दिलं जी. रोज गच्चीवर बसतो, समोर पाच-सहा बाया ताटं घेऊन बसतात, पापणी न हलवता ऐकतात, बारीकसा आवाजही सुटू देत नाहीत. असे श्रोते मोठमोठ्या गवयांच्या नशिबी नाहीत, मले मंजूर आहे. फक्त एवढंच, का साऱ्या जणी वाट पाहून राहिल्या असतात, हे बंद कधी होते!