बूट लोडरचा कोड कुणाला द्यायचा?

सॉफ्टवेअरच्या लायसनचं मला सांगूच नका, त्यावरून मी लातुरात आमच्या कम्प्युटर क्लासच्या सरांशी भांडलोय. सर पोरांना लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी फुकट वाटायचे. संगणक सुरू करणाऱ्या त्यातल्या बूट लोडरवर मी क्लासचं नाव टाकून दिलं होतं. एक दिवस समोरच्या क्लासचे सर येऊन त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, मागू लागले.

आमचे सर भडकले. "मी नोट्सची झेरॉक्स काढू देत न्हाई, अन् ह्यांना कोड देऊ?"

मी म्हणालो, "सीडी ज्याला दिली त्यानं मागितला तर द्यावाच लागतो. लायसनच तसं हाय."

"ह्यांना कधी दिली?"

समोरचे सर हळूच बोलले, "माझी पोरगी तुमच्याकडंच शिकते."

आमचे सर खुर्चीत रेलले. "कोड देऊन टाक. अन् बूट लोडरवर आपल्या नावाखाली लिही, समोरच्या सरांची पोरगी इथंच शिकते!"