चतुराबाईंनी उन्हात घातलेली पोती

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बिअर कारखान्याचे मालक आदरणीय अमरसिंहदादा, प्रमुख पाहुण्या सरपंच सत्यशीलाताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती चतुराबाई, मेंढरं भावाच्या हवाली करून आलेले त्यांचे यजमान सटवामामा, आणि टाकी विभागापासून बाटली विभागापर्यंतच्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मी आसाराम, इथला ब्रूमास्टर, म्हणजे बिअरची चव आणि वास सांभाळणारा. मला पाच मिनिटं दिली आहेत. काल दुपारपर्यंत माझं भाषण लिहून तयार होतं. त्यात 'कष्टाळू', 'मनमिळाऊ' असे सगळे शब्द होते. तो कागद मी घरीच ठेवून आलोय. काल दुपारी चतुराबाईंनी मला एक वाक्य ऐकवलं आणि तेव्हापासून मी हादरलोय. खोटं कशाला बोलू? माइक धरलाय तो आधाराला धरलाय.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी, वेलीवर लागणारी हिरवी बोंडं. एरवी ती वाळवलेलीच वापरतात. आपण वर्षातून एकदा, न वाळवता, तोडल्या दिवशीच उकळीत टाकतो. दादांनी नेकनूरला शेडनेटखाली वेल लावलेत. सकाळी तोडणी, दुपारी टेम्पो इथे माजलगावला. त्या बिअरला कापलेल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा असा एक हिरवा वास असतो. थोड्याच दिवसांत तो उडून जातो, म्हणून तिची एवढी मिजास! तीन वर्षांपूर्वी आपण ती सुरू केली. तिन्ही वर्षं पुण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आलं आणि तिन्ही वेळा हार माझ्या गळ्यात पडला.

आता चतुराबाईंचं काम काय? टाक्या धुणं आणि पोती उतरवणं. आणि त्यांची चूक काय? ती तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. टेम्पो आला की मी खाली येईपर्यंत बाई दोन-तीन पोती ताडपत्रीवर उन्हात पसरून मोकळ्या. आपल्याकडे मिरची वाळते, हळद वाळते, कुरडया वाळतात. ओला माल दिसला की बायांचे हात उन्हाकडेच वळायचे. मी कपाळाला हात लावायचो. "अहो बाई, न वाळवणं हाच तर सगळा खेळ आहे!" बाई मान खाली घालून म्हणायच्या, "चुकलं, सायेब." पुढच्या वर्षी पुन्हा ताडपत्री. तिसऱ्या वर्षी मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, तर त्या पाटीखालीच माल पसरलेला! ती पोती मी दर वेळी उकिरड्यावर टाकायला लावली. तीन वर्षांत बाईंना तीन लेखी ताकिदी दिल्या. त्या ताकिदींपायी 'उत्कृष्ट कामगार' म्हणून त्यांचं नाव तीनदा कटलं. सटवामामा, तेव्हा मला आपण फार शिस्तीचे आहोत असं वाटलं होतं.

काल निवृत्तीच्या कागदांवर सह्या करताना मी सहज विचारलं, "बाई, आता तरी सांगा, कशापायी वाळवत होता?"

बाई म्हणाल्या, "ती पोती टेम्पोच्या तळाची असायची, सायेब. आतून तापलेली, कुबट. वल्ली वैरण दाबून ठिवल्यावर जसा वास मारती, तसा. मेंढरू बी तोंड लावत न्हाई."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमाला वास कुठं येतोय, सायेब?"

 

दादा, खरं आहे ते. ही बिअर सुरू करायच्या आधीच, साथीच्या तापात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. जिभेला कडू कळतं, गोड कळतं, वास नाही. ब्रूमास्टरचं नाक गेलं तर मागे काय उरतं हो? मी कुणाला सांगितलं नाही. घरी बायकोलासुद्धा नाही. चव घ्यायला बसलो की आधी इतरांचे चेहरे बघायचो, मग ग्लास फिरवून "लिंबाची साल" म्हणायचो. वाटायचं, काय शिताफीनं निभावतोय आपण!

जरा पाणी द्या कुणीतरी.

हां. मी विचारलं, "बाई, कधी कळलं तुम्हाला?"

"ताप उतरून तुमी कामावर आलता, त्याच आठवड्यात. तुमच्या खिडकीखाली घूस मरून पडलती. समदे नाक धरून पळायलते, अन् तुमी तिथंच बसून डबा खायलता."

हसा. हसण्यासारखंच आहे. मला काल हसू आलं नाही.

पुढे म्हणाल्या, "बोलले असते तर तुमचं काम गेलं असतं. तुमची लेक सायली शिकायलीय. नाक न्हाई, पर डोळे हायेत तुमाला. वाळलेलं दिसलं की तुमी फेकून देणार, हे मला म्हाईत व्हतं."

ऐकलंत? खराब माल मला निदान दिसावा म्हणून बाई तो उन्हात घालायच्या. वर माझी बोलणी खायच्या, ताकीद घ्यायच्या. ज्या बाईंनी बिअरचा थेंब कधी जिभेला लावला नाही, त्यांच्या नाकावर आपली तीन बक्षिसं उभी आहेत. मला लाज वाटते, आणि त्याहून जास्त, अजून खरंच वाटत नाही.

या त्या तीन ताकिदी. मी त्या फाडणार नाही. दादा, बाईंचं नाव खोडून त्यावर माझं घाला आणि माझ्या फाइलीत लावा. माझ्या नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी हू की चू करणार नाही. पुण्याहून आलेली तिन्ही मानचिन्हं मात्र आज सटवामामांच्या पिशवीतून घरी जाऊ द्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्याआधीच्या तीन वर्षांत जे झालं, ते मात्र घालू नका.

जेवण तयार आहे म्हणतात. चतुराबाई, मांडवातून मसालेभाताचा वास यायला लागला का हो?

बाईंनी मान डोलावली. मग मी थांबतो.