वीस बैठका

हसू नका बे, खरं सांगून राह्यलो. सहा महिने मी जड वजन खांद्यावर घेऊन तीन-तीनच बैठका मारत होतो. मंग जिमच्या वानखडे सरांनी वजन अर्ध्यावर आणलं अन् म्हणाले, "आता वीस मार."

बाराव्या बैठकीलेच पाय लटपटले, मी खाली बसलो. "सर, काऊन छळता?"

"ताकद हाय तुह्यात, दम नाही."

दोन महिने मनात शिव्या देत वीस मारल्या. अन् मायचा पाय मोडला. प्लास्टर घालून मेहकरले घरी आणलं. घर तिसऱ्या मजल्यावर. तिले पाठीवर घेऊन न थांबता चढलो.

माय म्हणे, "दमला नाही का रे?"

मी सरांचं सांगितलं.

"मंग त्यांले जेवाले बोलाव. पोळ्या मीच लाटीन, बसल्या जागी."