अकरा जोड चपला

...नाही, पण माझं चुकलं काय ते तर सांगा! लोक दरोडे घालतात, खून करतात, मी काय केलं? मी फक्त चपला मोजल्या हो!

तुम्हाला सांगतो, चौथा शनिवार, बँकेला सुट्टी, दुपारी तीनला दूध आणायला निघालो, आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या बिल्डिंगची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद, म्हणून जिना उतरतोय, तर दुसऱ्या मजल्यावर दोनशे तीनच्या दारात चपलाच चपला! दोनशे तीन म्हणजे रोशनचं घर. नेपाळचा माणूस, हॉटेलात चायनीजची कढई हलवतो, बायको रुचिता, दोन लहान पोरं. वन रूम किचन! आणि बाहेर चपला किती? अकरा जोड! दोनदा मोजल्या मी, जिन्यात उकिडवा बसून, बोट लावून लावून...

मग काय, डोकंच सटकलं. म्हटलं, हे बघा, हे असं होतं! एकाला भाड्याने दिलं की मागून अख्खं गाव येतं! म्हणून पाणी पुरत नाही, म्हणून रिक्षा मिळत नाही, म्हणून देशाची लोकसंख्या फुगतेय! फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'वन आरकेमध्ये अकरा माणसं! हे घर आहे की धर्मशाळा?' पाच मिनिटांत चोवीस अंगठे! सेक्रेटरी पराग तर लगेच, "वाल्मिककाका, एकदम करेक्ट पॉइंट! उद्याच मीटिंग!" मीटिंग झाली, ठराव झाला, फ्लॅटचा मालक सुरतला, त्याला फोन गेला, तो तिकडून ओरडतोय, "अरे भाई, मने झंझट नथी जोईती! खाली करावी नाखो!" झालं. खोली खाली करायला रोशनला आठवड्याची मुदत.

बुधवारी जेवताना मी ही मर्दुमकी आमच्या हिला, संघप्रियाला, सांगतोय, मोबाईलवर फोटो दाखवतोय, तर आई, म्हणजे भीमाबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, तिने चष्मा पुसला, मोबाईल नाकाला लावला आणि म्हणाली, "वाल्मिका, ही कडंची चप्पल कुनाची रं?"

"त्यांच्यातल्याच कुणाची तरी."

"अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला दिसत न्हाई तुला? माझी हाय ती!"

घास हातातच राहिला माझा! म्हणे बिल्डिंगमधल्या सात म्हाताऱ्या रोज दुपारी तिथे जमतात, ती रुचिता मोहरीचं तेल कोमट करून सगळ्यांचे गुडघे चोळून देते, चहा पाजते. "तुला ठाव तरी हाय का," आई म्हणाली, "माझे गुडघे दुखत्यात म्हून?"

नव्हतं ठाऊक. आता मी दुपारी बँकेत, मला कसं... पण ती चप्पल? ती तर मीच आणली होती भाईंदरच्या बाजारातून! स्वतःच्या आईची चप्पल ओळखता येत नाही आणि निघालाय देशाची लोकसंख्या मोजायला! बरं, मी एकटाच का? ज्या परागने पहिला अंगठा दिला ना, त्याच्या आईची निळी सँडल फोटोत बरोब्बर मधोमध!

आई थांबतेय कुठली! "आपन परभनीहून आलो तवा भाईंदरच्या खोलीत किती जन व्हतो?"

"...नऊ."

"हंसाबेननं मोजलं व्हतं का?"

नव्हतं हो मोजलं. हंसाबेन आमची पहिली घरमालकीण. ती उलट म्हणायची, "वाल्मिकभाई, जग्या ओछी पडे तो मारा ओटला पर सूई जजो!" आणि झोपायचो आम्ही तिच्या ओट्यावर! आणि मी... मी फक्त चपला मोजल्या!

आणि नेमका तेव्हाच कॅनडातून लोकेशचा व्हिडिओ कॉल. आमचा मुलगा, शिकायला गेलाय, कुणाच्या तरी तळघरात सात पोरं मिळून राहतात. "पप्पा, इथे सगळे म्हणतात बाहेरची माणसं वाढली, घरं पुरत नाहीत. आमचा मालक तर सकाळी येऊन दारातले बूट मोजतो! त्याला पाचच जण सांगितलेत, म्हणून आम्ही दोघं बूट पिशवीत घालून गादीखाली लपवतो. कसला नालायक माणूस आहे ना?" एरवी मी त्या मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या! त्या दिवशी मात्र "हो बाळा," म्हटलं, "असतात असे." इकडून आई बघतेय, तिकडून ही बघतेय...

दुसऱ्या दिवशी परागकडे गेलो. म्हटलं, "अरे, माणसं चारच आहेत, बाकी आपल्या आया आहेत!" तो हळूच म्हणाला, "काका, माझ्या आईनेही मला झापलंय. पण ग्रुपवर लिहायचं कसं? आपली इज्जत काय राहील?" आणि खरं सांगू? मीही नाही लिहिलं. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं... खोडता खोडता मुदत संपली. चपला मोजायला दोन मिनिटं लागली होती, आणि दोन ओळी लिहायला चार दिवस पुरले नाहीत! लाज वाटते हो, खरंच लाज वाटते.

टेम्पो आला त्या दिवशी रुचिता जिन्यात भेटली. मला म्हणते, "अंकल, माँजी को तेल की शीशी दिया है. थोड़ा गरम करके लगाना." बस! एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं! त्यांना खोली मिळाली लांब मुर्ध्याला, रोशनचं हॉटेल रात्री उशिरा सुटल्यावर तिकडे जायला काही मिळत नाही, म्हणून तो हॉटेलच्या कामगारांबरोबर इकडे काशिमीऱ्याला राहतो, बायको-पोरं मुर्ध्याला. म्हणजे माणसं चारची चारच, आणि घरं झाली दोन! कोण कुठून आलं, किती आले, ते राहू द्या बाजूला. देशात एक माणूस न वाढवता एक घर मी वाढवलं!

त्या संध्याकाळी आईने गॅलरीत छोटी शेगडी मांडली. स्वतःचं पीठ, स्वतःचा तवा, स्वतःची भाकर. "तुझ्या पंगतीत घास उतरत न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, होईल चार दिवसांत शांत. महिना झाला!

आणि परवा खानेसुमारीवाल्या नीलमबाई आल्या, शाळेत शिकवतात, हातात मोबाईल. "काका, घरात माणसं किती?" म्हटलं, तीन. "स्वयंपाक एकत्र ना?" मी हो म्हणणार, तेवढ्यात गॅलरीतून आवाज, "न्हाई! येगळा!"

"मग कुटुंबं दोन झाली, काका."

"अहो मॅडम, ती माझी आई आहे!"

"मी नातं नाही विचारत हो, चूल विचारतेय."

घ्या! रोशनचं कुटुंब घालवून बिल्डिंगमधलं एक कमी केलं होतं, ते माझ्याच घरात भरून निघालं. नीलमबाई गॅलरीत गेल्या. "आजी, कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

"लिव, भीमाबाई."

"मुलं किती?"

"यक हाय," आई म्हणाली, "पन त्यो येगळा ऱ्हातो."

चार फुटांवर उभा होतो हो मी!