शेवटून दुसरं नाव

(१९१२. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचं नवं राज्य. पहिल्या विधानसभेचा पहिला दिवस. थोड्याच वेळात सभापती निवडायचा आहे. पक्षाचा पुढारी व्हिटलॉक इंग्रजीत बोलतो, मेंढरांचा मालक असलेला सदस्य सेलेदोनिओ त्रुहियो स्पॅनिशमध्ये. मधे त्याची भाची परफेक्ता, सभागृहाची दुभाषी.)

व्हिटलॉक : ...आणि हॅडली सभापती झाले की पशुधन समितीचं अध्यक्षपद यांना. एका मतासाठी याहून जास्त काय द्यायचं, बाई? हॅडलींविरुद्ध उभा असलेला तो आरागोन काय देणार आहे?

परफेक्ता : मामा, हॅडलींना मत दिलंत तर पशुधन समितीचे अध्यक्ष तुम्ही.

सेलेदोनिओ : कालपर्यंत हा गडी मला ओळखत नव्हता. आज एकदम अध्यक्ष! विचार त्याला, पोटात काय आहे ते.

परफेक्ता : सदस्य आभारी आहेत. हॅडलीसाहेबांचे आणखी काय विचार आहेत, असं विचारतात.

व्हिटलॉक : सरळ आहे. पुढच्या अधिवेशनापासून सगळं इंग्रजीत. दुभाषी नकोत. निम्मा दिवस भाषांतरातच जातो.

परफेक्ता : पुढच्या अधिवेशनापासून सगळं इंग्रजीत, मामा. दुभाषी बंद.

सेलेदोनिओ : मग मी समितीत बसून काय करू? माना डोलावू?

परफेक्ता : समितीचं काम कसं चालवायचं, याची सदस्यांना काळजी वाटते.

व्हिटलॉक : काम माझा कारकून बघेल. यांनी नुसती सही करायची.

परफेक्ता : काम कारकून बघणार. तुम्ही सही ठोकायची.

सेलेदोनिओ : सांग त्याला, खोऱ्यातल्या चारशे घरांनी मला बोलायला पाठवलंय. सहीच हवी होती तर बोकड पाठवला असता, खूर उमटवला असता त्यानं. आणि हे असंच सांग, साखर लावू नकोस.

परफेक्ता : सदस्य म्हणतात, सहीच हवी होती तर खोऱ्यानं बोकड पाठवला असता.

व्हिटलॉक : अस्सं! मग त्यांना म्हणावं, पुढच्या निवडणुकीत तिकीट विसरा. आणि बाई, तुमची नेमणूक माझ्या शब्दावर झालीय. हॅडली पडले, तर ती संध्याकाळपर्यंत टिकेल असं समजू नका.

परफेक्ता : पुढच्या वेळी तिकीट देणार नाही म्हणतात.

सेलेदोनिओ : तो बराच वेळ बोलला. तुझं मात्र चटकन आटोपलं.

परफेक्ता : एवढंच होतं.

सेलेदोनिओ : पोरी, इंग्रजी येत नसेल मला, तुझा चेहरा वाचता येतो.

परफेक्ता : ...माझीही नोकरी जाईल म्हणतात. आजच.

सेलेदोनिओ : हं. तुझ्या घरात दुसरं कमावतं कोणी नाही. सांग, काय करू?

परफेक्ता : मी दुभाषी. इथे मला मत नाही.

सेलेदोनिओ : दुभाष्याला नाही विचारत. बहिणीच्या पोरीला विचारतोय.

परफेक्ता : मग ऐका. मी पुन्हा शाळेत शिकवीन, माझं बघेन मी. पण आज त्याच्यापुढे मान डोलावलीत, तर तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.

व्हिटलॉक : काय ठरलं? घंटा झाली.

परफेक्ता : कळेलच साहेब. जागेवर जाऊन बसा.

सेलेदोनिओ : मतदान सुरू झालं ना? कुठवर पुकारली नावं?

परफेक्ता : सालाझार झाला. हॅडली तेवीस, आरागोन चोवीस. तुमच्यामागे फक्त व्हिटलॉक.

सेलेदोनिओ : आणि जिंकायला पंचवीस लागतात.

परफेक्ता : तुम्हाला पुकारलं, मामा. उठा.

सेलेदोनिओ : सेलेदोनिओ त्रुहियो, सान क्लेतो खोरं. माझं मत एपिमेनिओ आरागोनना. ते दुभाषी ठेवणार आहेत. ज्या भाषेत लोकांनी आम्हाला मतं दिली, त्या भाषेत इथे बोलता आलं पाहिजे.

परफेक्ता : सान क्लेतोच्या सदस्यांचं मत श्री. आरागोन यांना. कारण असं की...

सेलेदोनिओ : आवाज का कापतोय? पार मागच्या बाकापर्यंत जाऊ दे.

परफेक्ता : कारण, ज्या भाषेत लोकांनी यांना मतं दिली, त्याच भाषेत इथे बोलता आलं पाहिजे!

व्हिटलॉक : पंचवीस-चोवीस. एका मतानं घालवलंत! सांगा यांना, दोन वर्षांनी हे इथे दिसणार नाहीत.

परफेक्ता : दोन वर्षांनी तुम्ही इथे दिसणार नाही म्हणतात. माझं काही बोलले नाहीत. दुभाष्यांच्या नेमणुका आता आरागोनसाहेबांच्या हातात.

सेलेदोनिओ : दोन वर्षं आहेत ना? पुष्कळ झाली. बस इथे. पहिलं विधेयक कशाचं आहे, वाच.