पाव सोडलेला पाववाला

त्या दिवशी ऊन पडलं होतं म्हणे! लख्ख ऊन, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं, रस्त्यावरचा खडान् खडा दिसावा असं... असं सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मला विचाराल तर धुकं होतं! मी आपला भट्टीच्या दारात उभा राहून म्हणतोय, "सूनबाई, आज काय दाट धुकं उतरलंय गं, समोरचं शिंप्याचं दुकानसुद्धा दिसेना," तर ती आतून ओरडली, "बाबा, धुकं बाहेर नाही, तुमच्या डोळ्यात आहे!" आता यावर माणसानं काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

आणि डोळ्यात म्हणजे तरी किती डोळ्यात? एकाच! डावा तर पोरपणीच भट्टीच्या ठिणगीनं गेला. राहिला उजवा, त्याच्यावर उभा जन्म काढला, त्याची कधी तक्रार नाही. पावाचा रंग बघायला दोन डोळे कशाला लागतात? भट्टीचं दार उघडायचं, आत एक नजर टाकायची, वरची पाठ तांबूस झाली की लांब दांड्याची फळी आत सारायची आणि ओढायचं बाहेर. पण त्या दिवशी मी नजर टाकली, मला वाटलं अजून तांबूस व्हायचेत, जरा थांबलो, पुन्हा टाकली, पुन्हा थांबलो... सगळी भट्टीच्या भट्टी कोळसा! शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. पोरगा आला, जळलेले पाव फळीनं बाहेर ओढले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही आता घरी बसा."

तुम्हाला सांगतो, तो ओरडला असता ना, तर मला बरं वाटलं असतं! घरी बसा म्हणे. घरी बसून करू काय? भिंतीकडे बघू? तीसुद्धा दिसायला नको का!

म्हणून मग डोळ्याचे डॉक्टर. त्यांनी बॅटरी मारली, खालून बघितलं, वरून बघितलं, म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय आजोबा, काढून टाकू, सोपं काम आहे." मी म्हटलं, काढा, आत्ता काढा, मी काही कुठे जात नाही! तर म्हणे, "तसं नाही. तुमच्या रक्तात साखर फार आहे. एकच डोळा आहे, मी धोका घेणार नाही. आधी साखर खाली आणा, मग मी डोळ्याला हात लावतो." डोळा इथे, साखर रक्तात, यांचा एकमेकांशी संबंध काय? पण डॉक्टर म्हणतो म्हणजे असेल. पाठवलं साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाई मोठ्या गोड हो! बोलायला गोड म्हणतोय, बाकी सगळं गोड त्यांनी बंदच केलं. साखर बंद, ठीक. भात बंद, ठीक. बटाटा बंद, बिस्किटं बंद. मग चष्मा नाकावर खाली ओढून, "आणि पाव पूर्ण बंद." मी म्हटलं, "बाई, मी पाववाला आहे." त्या म्हणाल्या, "मग विका. खाऊ नका." मी म्हटलं, "पाव तर खारट असतो, त्यात साखर कुठली?" तर म्हणाल्या, "त्यात कार्ब असतात, पोटात गेले की त्यांची साखर होते." आता हे मला नवीन! मी खुर्ची पुढे ओढली. "दिसायला कसे असतात हे?" "दिसत नाहीत हो." "मग आहेत कशावरून?" बाई हसल्या. "पावाचा घास तोंडात ठेवून खूप वेळ चावत राहिलात, तर शेवटी कसा लागतो?" मी म्हटलं, "गोड!" म्हणाल्या, "तेच ते."

अरेच्चा! म्हणजे मी जन्मभर याच्यातच हात घालून बसलो होतो आणि आमची ओळख नाही! असं वाटलं बघा, शेजारी इतकी वर्षं राहिला आणि तो काय धंदा करतो हे आज कळलं.

तर सुरू झालं पथ्य. डोळा होईपर्यंत भट्टीचं दार पोराकडे आणि पीठ माझ्याकडे, असं ठरलं. सकाळी अंडी. दुपारी मासा आणि काकडी. रात्री फ्लॉवर. सूनबाई तो फ्लॉवर बारीक किसायची, वाफवायची आणि ताटात असा ढीग घालून म्हणायची, "बाबा, डोळे मिटून खा, भातच वाटेल." मी म्हणायचो, "अगं, मला डोळे मिटायची गरज कुठे आहे?" पण खाल्लं. पानातलं कधी टाकलं नाही. आणि पाव? समोर ताजे पाव निघतायत, वाफ नाकात शिरतेय, गिऱ्हाईक दारातच तुकडा मोडून तोंडात घालतंय, मी काकडी चावतोय. करकर करकर. म्हशीनं बघितलं असतं तर आपलाच समजून जवळ आली असती. पण खाल्लं म्हणाल तर कणभर नाही!

आणि साखर? ढिम्म! सूनबाई रोज सकाळी माझ्या बोटाला सुई टोचायची, थेंब त्या यंत्राला चाटवायची, यंत्र टुंक करायचं आणि तिचा चेहरा पडायचा. मला दिसायचा नाही, पण सुस्कारा ऐकू यायचा ना! "बाबा... काही खाल्लंत का?" मी म्हणायचो, खाल्लं म्हणाल तर कणभर नाही. "चहात साखर?" नाही. "गिऱ्हाइकानं काही दिलं?" नाही. मग एक दिवस ही बाई माझा सदरा झटकायला घेऊन गेली आणि आतून आवाज, "अहो, इकडे या! बघा, खिशात काय निघालं!" काय निघालं? पावाचा चुरा! अहो, पाववाल्याच्या खिशात चुरा नाही निघणार तर काय मोती निघणार? लोहाराच्या खिशात कीस निघतो, तो काय लोखंड खातो?

पोरगा आला, शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. "बाबा, खाल्लं असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही." आणि हे इतक्या रागावून म्हणाला! मी म्हटलं, बाळा, मला डोळा पाहिजे की पाव? तू मला घरी बसवणार आहेस, मी चोरून पाव खाऊन स्वतःचाच गळा कापू? पण त्याचा विश्वास बसला नाही. म्हातारा घरात खोटारडा ठरला, बघा. डोळा गेला तो गेला, वर अब्रूही चालली.

पण तुम्हाला सांगतो, मला राग नाही आला. मला आलं कुतूहल! मी नाही खात, पोरगा नाही चारत, सुनेचा तर पहाराच. मग ही साखर येते कुठून? घरात चोर शिरतोय तर दार कुठलं? मी बसलो शोधत. आधी औषधाच्या बाटलीवर संशय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही. मग दातांच्या मंजनावर. नाही. मग एक दिवस उन्हाची तिरीप खिडकीतून आली आणि मला नुसता पांढरा लोळ दिसला, म्हटलं, पीठ! अख्ख्या भट्टीत पीठ उडतंय, मी दिवसभर श्वास घेतोय, नाकातून घशात, घशातून पोटात... सापडला चोर! धावत बाईंकडे. "बाई, पीठ हवेतून पोटात जातं का?" त्या इतक्या हसल्या की बाहेरचा पेशंट डोकावून गेला. "आजोबा, इतक्यानं नाही हो साखर चढत." मी म्हटलं, नसेल चढत, पण बघायला काय हरकत आहे?

गेलो समोर शिंप्याकडे. हा आमचा शिंपी, वर्षानुवर्षांचा शेजारी, माणूस चांगला पण जिभेला धार कात्रीपेक्षा जास्त. म्हटलं, नाकातोंडावर बांधायला चांगला जाड फडका शिवून दे. म्हणतो कसा, "का हो भट्टीवाले, कुठे दरोडा घालायचाय? दिसायचं नाही तुम्हाला, स्वतःच्याच घरात शिराल!" पण शिवला. दुहेरी, नाड्यांसकट, काळ्या कापडाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बांधला आणि लागलो कामाला. पीठ भिजवलं, मळलं, फुगवलं, गोळे तोडले, भट्टी लागली, पाव निघाले, पुन्हा दुसरी खेप, पुन्हा तिसरी. मधेमधे मला आपलं वाटतंय, तोंडाला काहीतरी जड जड लागतंय, फडका ओढला जातोय. म्हटलं, घाम असेल. दुपारी घरात गेलो, म्हटलं सूनबाई, वाढ फ्लॉवर. ती वळली. आणि एकदम किंचाळली! "अगं बाई! बाबा, हे तोंडाला काय?"

मी हात लावला. फडक्यावर, बरोब्बर तोंडाच्या जागी, मळलेल्या पिठाचा हा एवढा थर! एकावर एक थापलेला, वाळलेला, पुन्हा थापलेला, वर एकदोन पावाचे पापुद्रेसुद्धा चिकटलेले! पोरगा धावत आला, नखानं थर उचकटून बघितला. "बाबा," म्हणाला, "नुसतं भट्टीत मुंडकं घालायचं बाकी ठेवलंत!"

आता तुम्ही म्हणाल, हे काय? तर तुम्हाला सांगतो, पीठ मळून झालं की चिमूट तोडायची आणि जिभेवर ठेवायची. मीठ बरोबर आहे का? ते राहिलं तर पीठ भलतंच फुगतं आणि पावाला रंग चढत नाही. पीठ आंबलं का? हे बोटाला कळत नाही, जिभेला कळतं. फुगल्यावर पुन्हा एक चिमूट. पहिला पाव निघाला की कोपरा मोडून तोंडात, आत शिजला का बघायला. दर खेपेला! माझ्या बापानं शिकवलं, तेव्हापासून हात आपला आपण जातो. मला विचारत नाही! तुम्ही डोळ्याची पापणी लववता, ती काय विचारून लववता? आणि खरं सांगू, मी त्याला कधी खाणं म्हटलंच नाही. अहो, ते काम आहे! खाणं म्हणजे ताट वाढून, पाणी घेऊन, मांडी घालून. हे चाखणं! म्हणून तर मी छातीवर हात ठेवून सांगत होतो, खाल्लं म्हणाल तर कणभर नाही.

सूनबाईनं तो फडका तसाच्या तसा बाईंकडे नेला. बाईंनी तो उलटापालटा करून बघितला, यावेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, हा दिवसाला दोन-चार पावांचा ऐवज आहे." आणि पोरगा? तो घरी येऊन माझ्या पायाशी बसला. आणि त्या दिवसापासून काकडी तोच चिरायला लागला.

मग काय, फडका कायम! हात यायचा, फडक्यावर आपटायचा, लाजून परत जायचा. चाखायचं कुणी, असा प्रश्न आला, तर पोरगा म्हणाला, "चाखायचं कशाला? माप आहे ना!" आणि सूनबाईचं यंत्र एक दिवस टुंक झालं आणि ती चक्क हसली. हळूहळू साखर उतरली, अशी उतरली की डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, "या!"

झालं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, आणि काय सांगू तुम्हाला... पांढरं म्हणजे किती पांढरं असतं हो! चादर पांढरी, भिंत पांढरी, समोर सूनबाई उभी. मी म्हटलं, "अगं, केसांना किती पीठ लागलंय तुझ्या, झटक की." ती म्हणाली, "पीठ नाही ते, बाबा." माझ्या धुक्यात पोरगी कधी पिकायला लागली, कळलंच नाही. तिचा हात धरून घरी आलो. खड्डे चुकवत होतो मी, आणि तिला वाटत होतं ती मला सांभाळतेय.

डॉक्टरांनी आराम करायला सांगितला, तो केला. आणि मग पहिल्या दिवशी भट्टीवर! पोरगा बाजूला सरला, म्हणाला, "बाबा, तुम्ही बघा." तुम्ही बघा! हेच ऐकायला इतक्या काकड्या चावल्या! मी दार उघडलं. आत पाव असे टरारून फुगलेले, असे फुगलेले की जन्मात बघितले नव्हते! रंग जरा फिका वाटला, पण म्हटलं, नवी दृष्टी आहे, सगळं जगच उजळ दिसतंय, पावच तेवढा काळा कशाला दिसेल? फळी सारली, ओढले बाहेर. एकही जळला नाही. एकही! पोराचे डोळे भरले, सुनेनं नाक पुसलं, मी स्वतः टोपली उचलली आणि पहिला पाव न्यायचा कुणाला, तर समोरच्या शिंप्याला. माझ्या पायांनी, माझ्या डोळ्यानं, रस्ता ओलांडून!

शिंप्यानं पाव घेतला. मोडला. घास तोंडात घातला. चावला. थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख झालं... पिठाला आंबायला इतका जोर कशानं आला, रंग फिका का राहिला! पोरानं मापानं सगळं घातलं होतं, एक सोडून. आणि चाखलं कुणीच नव्हतं.

मी मान खाली घातली. शिंप्यानं घास गिळला, शांतपणे तोंड पुसलं, आणि म्हणाला, "भट्टीवाले, दृष्टी आली, फार चांगलं झालं. आता जरा नीट बघून सांगा, यात मीठ कुठे दिसतंय का?"