भालकी बंद आहे

काढा ना, काढा फोटो, मी कुठं न्हाई म्हणायले — बोर्डाचा झाला, काउंटरचा झाला, आता मशीनचा बी काढलात! मशीन पण ऑनलाइनच बघणार का स्वस्तात? रागावू नका दादा, तुमच्यासारखे रोज येतात. कुंची हातात घ्यायची, अस्तर चोळून बघायचं, नाडी वढून बघायची, सव्वा महिन्याच्या लेकराला कोणतं माप बसंल ते मला इचारायचं, अन् मग हळूच फोन काढायचा. परवा एक बाई तर तोंडावर म्हणली, मावशी, तिथं एकशे एकोणपन्नासला हाय. म्हटलं, घे की माय, पण माप बी त्यालाच इचार, डोकं मोठं निघालं तर नाडी बी त्यालाच वाढवून माग. बसा, बसा त्या स्टुलावर. आमचे हे गेलेत पार्सलं द्यायला, येतीलच. जाताना सांगून गेलेत, कोणी येईल, त्याला बसवून ठेव, जास्ती बोलू नको. मी काय जास्ती बोलते का? कापडाचा एजंट असंल कोणी, अजून तर आला न्हाई.

ही बघा, ही खणाची. हात लावा, हात लावायला पैसे न्हाईत. हे कापड कर्नाटकातून येतं, आमच्या सासूबाई सिद्धम्मा होत्या तवापासून येतं — बोर्डावर नाव हाय ना, त्याच. उदगीरात जन्मलेल्या अर्ध्या लेकरांच्या डोक्यावर त्यांच्या हातची कुंची असायची. आता म्हणाल, मग मावशी, तुम्ही बी विका ऑनलाइन. विकतो की! आम्ही काय मागं हाव का? मुंबईला जाती आमची कुंची, पुण्याला जाती, गडचिरोलीला गेली मागच्या महिन्यात — मला तर गडचिरोली कुठं हाय ते बी नीट मालूम न्हाई, पण कुंची गेली बघा. अन् भालकीला? भालकीला जात न्हाई. हितून गाडीत बसलं की तासाभरात भालकी, पण न्हाई जात. काहून? तर ते कर्नाटक! आपल्या राज्यात विकायचं तर लहान दुकानदाराला कराचा नंबर लागत न्हाई म्हणं, अन् राज्याबाहेर एक टोपडं जरी ऑनलाइन पाठवायचं झालं तरी नंबर पाहिजे. कापड तिकडून हिकडं येताना कोणी अडवत न्हाई, अन् त्याचीच कुंची शिवून माघारी धाडायची म्हटलं की सरकार रस्त्यात आडवं! बाळाच्या डोक्यावर बांधायची चीज हाय हो ती, आम्ही काय तोफा विकायलोत?

मग घ्या ना नंबर, म्हणाल. घ्या म्हणायला काय जातं? नंबर घेतला की उदगीरातल्या गिऱ्हाइकाला बी कर लावा, धंदा होवो न होवो, हिशेब भरा, ते भरणाऱ्याला वेगळी फी द्या, एखाद वेळी चुकलं तर दंड भरा. मोठ्या कंपन्यांकडं त्यासाठी माणसं बसवलेली असतात. आमच्याकडं कोण हाय? मी, हे अन् ही मशीन. हे तर छातीवर हात मारून सांगतात — मेलो तरी नंबर घेणार न्हाई. आडत लाइनीतल्या सगळ्या दुकानदारांना तोंडपाठ झालंय ते.

तिकडचं गिऱ्हाईक तुटलं का? न्हाई, तेवढं न्हाई तुटलं. बिदर, कमलनगरच्या बाया फोन करतात, मग पिशवी द्यायची बसच्या कंडक्टरजवळ, पैसे येतात फोनवर. बिलबिल काय न्हाई. आता एवढ्याशा कुंचीचं बिल कोण करत बसणार — तुम्ही लिहून काय घ्यायलाव? भाव? लिहा, लिहा. दोनशे चाळीस, एक रुपया कमी होणार न्हाई.

भालकीचंच काहून बोलले? काय न्हाई, उगं तोंडात आलं… लेक हाय तिथं माझी. शिवलीला. एकुलती एक. तुम्ही परके माणूस, तुम्हाला सांगायला काय हरकत? जावई राजशेखर लई गुणाचा, पण नोकरी कुठं — त्या ऑनलाइनवाल्यांच्याच गोदामात! तिथं खोकी येतात, हा घरोघर धाडतो. पहिला दिवाळसण होता. पोरगं हौसेनं मला साडी घेऊन आलं, तशीच खोक्यात, पट्टी लावलेली. पान वाढलं होतं, पोळीवर तूप घातलं होतं, अन् हे म्हणले काय — ज्या खोक्यानं माझं गिऱ्हाईक नेलं, ते माझ्या घरात उघडायचं न्हाई. जावई उठला तसाच. हात धुतला, पायात चपला घातल्या, गेला. शिवलीला त्याच्या मागं. पोळ्या गाईला घातल्या मी. अन् गंमत बघा, सहा महिन्यांत हेच माणूस ह्याच दुकानात बसून, तीच पट्टी दातानं तोडून, खोकी बांधायला लागलं! म्हटलं, आता तरी जावयाला फोन करा. न्हाई! आता तर मुळीच न्हाई. कोणत्या तोंडानं करणार? खोकं दाखवून?

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरात होतं, ना हो? तिकडंच झालं. नात झाली. माझं नाक घेतलंय म्हणतात — फोनवर बघितली, पण फोनवर नाकाचं काय कळतं. शिवलीला बापाला न सांगता बोलते माझ्याशी. म्हणली, अव्वा, सगळं घेतलंय, झबली घेतली, दुपटी घेतली, पण आजोळची कुंची न्हाई. साऱ्या उदगीरच्या लेकरांना कुंच्या बांधणारी आजी, अन् तिच्या नातीचं डोकं उघडं! ही खणाची जी तुम्ही मघापासून धरून बसलाव ना, ती तिचीच हाय. आणा हिकडं. हिचा फोटो काढू नका.

पाठवायची कशी? हितून पार्सल निघतं ते ह्यांच्या हातानं. कंडक्टर तर ह्यांचाच दोस्त — कुणाला काय दिलं ते सांगितल्याबिगर त्याला चहा जात न्हाई. म्हणून आम्ही मायलेकींनी डोकं चालवलं. तिनं तिथल्या शेजारणीच्या, नीलाबाईंच्या नावानं ऑर्डर टाकायची, हे बिचारे गिऱ्हाईक समजून स्वतःच्या हातानं खोकं बांधणार, अन् ते जाऊन पडणार जावयाच्याच गोदामात! दोन दिवस मी मनातल्या मनात हसत होते, नंबराची भानगड भालकीला आडवी येती हे तवा कुठं मालूम? अन् तिनं टाकायला घेतली ऑर्डर, तर फोन म्हणतो, ह्या पत्त्यावर मिळणार न्हाई. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. रडतच फोन केला — अव्वा, अप्पानं भालकी बंद केली का गं? आता तिला काय सांगू? म्हटलं, न्हाई गं माय, तुझा बाप एवढा मोठा न्हाई, ते सरकारनं केलंय. खरं वाटलं का तिला, देव जाणे. रविवारी पाळण्यात घालायलेत पोरीला. येत्या रविवारी. ह्यांना सांगितलं न्हाई मी. सांगून काय, पान पुन्हा वाढायचं अन् पुन्हा उठवायचं?

दादा, तुम्ही कुठले? भालकीकडं जाणं-येणं असतं का तुमचं? न्हाई, सहज इचारलं. लातूरचे? मग हिकडं कुंचीसाठी — कुंची नको? मग एवढे फोटो कशाचे काढलेत?

कर ऑफिसातून?

अगं माय. साहेब, ते कंडक्टरचं मी आपलं… ते कधीतरी, सणासुदीला. तुम्ही तेच लिहिलं का मघाशी? न्हाई? दुकानाचा पत्ता? जागा बघायला आलात — कशासाठी? नंबरासाठी? आमच्याकडं कोणी मागितलाय नंबर! दुसरं दुकान असंल, नीट बघा. नाव? मी नाव घेत न्हाई साहेब, तुम्हीच वाचा… विरूपाक्ष. हाव. तेच.

कधी? पंधरवडा झाला? माणूस रात्रंदिवस माझ्यासमोर मेलो तरी न्हाई म्हणतो, अन्… कशाला पाहिजे म्हणले? कर्नाटकात माल धाडायला?

अन् फोनवर आणखी काय म्हणले? पुन्हा सांगा. रविवारच्या आत होईल का?

रविवार त्यांना कोणी सांगितला? मी न्हाई सांगितला.

थांबा साहेब, काय न्हाई, मशीनच्या तेलाचा हात डोळ्याला लागला. रविवारच्या आत होतो का हो नंबर? न्हाई ना? मला वाटलंच. बघा माणूस कसा हाय — जन्मभर कर भरीन, पण भालकीची गाडी धरणार न्हाई! पंधरा रुपये का वीस, तेवढं तिकीट हाय साहेब.

ते बघा, आलेच. ती पिशवी द्या हिकडं, कुंची तिच्याखाली घालते. मी तुम्हाला काय बोलले न्हाई अन् तुम्ही मला काय सांगितलं न्हाई.

अहो, हे साहेब आलेत, आत्ताच. न्हाई. काहीच बोलले न्हाई मी.